कोऱ्या पत्रावरची सही

साहेबांच्या स्मृतिग्रंथात पहिला लेख माझा आहे. ‘जीवन आणि लोकसेवा’ असं भारदस्त शीर्षक संपादक मंडळानं दिलं आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. त्यात त्यांचं बालपण आहे, बैलांची आवड आहे, दोनदा आमदार झाले ते आहे, पाझर तलाव, शाळांच्या खोल्या, एसटीचे थांबे, सगळं आहे. माझं लिखाण नीटनेटकं असतं असं लोक म्हणतात. आयुष्यभर मराठी शिकवलं आणि त्यातली दहा वर्षं आमदारांची पत्रं लिहिली, नीटनेटकं नाही तर काय असणार? फक्त एका पत्राची हकिगत त्या लेखात नाही. ती इथे लिहितो.

मी लातूरचा, शहरात वाढलेला. वडील कचेरीत, काका कचेरीत, मी शाळेत. आमच्या घरात मातीचा संबंध तुळशीच्या कुंडीपुरता. साहेब रेणापूरच्या बाजूचे, शेतकरी घरातले, गोठ्यात देवणी बैलांची जोडी नसेल तर घराला घर न म्हणणारे. शिक्षण जेमतेम मॅट्रिक. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांनी मंत्रालयाला लिहिलेलं एक पत्र ओळखीच्या माणसानं मला दाखवायला आणलं. मी ते लाल शाईनं तपासून परत पाठवलं. सवय, दुसरं काय. पाठवल्यावर चूक लक्षात आली, कारण बदलीचा कागद निघायला आमदाराचा एक फोन पुरतो. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

“गुरुजी, एवढ्या चुका हायत व्हय?” साहेब कागद उलटसुलट करत म्हणाले. “मग उद्यापासून तुम्हीच लिव्हा.”

तेव्हापासून सकाळी सात ते दहा मी त्यांच्या लातुरातल्या घराच्या ओसरीवर बसायचो आणि मग सायकल काढून शाळेत जायचो. ओसरीवर माणसांची रांग. कुणाला विहिरीची परवानगी हवी, कुणाच्या मुलाचं दवाखान्यात ऑपरेशन, कुणाचा सातबारा अडलेला. साहेब ऐकायचे, दोन शब्दांत सांगायचे आणि मी त्या दोन शब्दांचं सरकारी मराठी करायचो. “ह्या म्हाताऱ्याला लई फिरवायलेत तहसीलवाले” याचं मी ‘सदर वयोवृद्ध अर्जदारास वारंवार हेलपाटे घालावे लागत असून’ असं करायचो. साहेब ते वाचून हसायचे. म्हणायचे, माझं बोलणं धुवून इस्त्री करून आणता तुम्ही. या कामाचा मी एक पैसाही घेत नव्हतो आणि त्याचा मला भारी अभिमान होता. आता कळतं की त्या अभिमानाच्या तळाशी वेगळंच काही साचत होतं. आपण काही घेत नाही, म्हणजे कधीतरी काही घेतलं तर चालेल, असं.

अधिवेशन आलं की साहेब मुंबईला जायचे. जाण्याआधी कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करून ठेवायची त्यांची पद्धत होती. दहा-पंधरा कागद, प्रत्येकावर खाली उजवीकडे सही, वर सगळं मोकळं. आज कुणी ऐकलं तर कपाळाला हात लावेल, पण तेव्हा सर्रास असंच चालायचं. फोन लागायला अर्धा दिवस जायचा आणि लोकांची कामं अधिवेशन संपायची वाट बघत नसत. साहेब सह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सारायचे आणि म्हणायचे, “भरा तुमच्या मनानं.” मजकूर किती लांबेल याचा अंदाज घेऊन सहीची जागा ते बरोबर सोडायचे. एवढा त्यांना माझ्या हाताचा सराव झाला होता.

मग ती अनंत चतुर्दशीनंतरची भूकंपाची पहाट आली. लातूरला आमच्या घरातली भांडी फडताळातून खाली आली, भिंतीला चीर गेली, एवढंच. साहेबांच्या मतदारसंघातली गावंच्या गावं खाली बसली होती. उजाडता उजाडता त्यांची जीप माझ्या दारात आली. साहेब पायात चप्पल न घालताच निघाले होते. पुढचे दोन महिने ते त्या गावांतच राहिले. या माणसाचं मोठेपण मी स्मृतिग्रंथात दोन पानं लिहिलं आहे, त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. मोठे पुढारी येत, फोटो काढून जात. साहेब मात्र दगड उचलायला लागले की उचलतच राहायचे. एकदा मी म्हणालो, साहेब, तुम्ही अधिकाऱ्यांशी बोला, दगड उचलायला माणसं आहेत. ते म्हणाले, “व्हय, पण मला बोलायला काय सुचंना गेलंय, गुरुजी.”

ती मुलगी मी पहिल्यांदा तिथेच पाहिली. तलाठी एका उलट्या टोपल्यावर बसून मृतांची यादी करत होता आणि त्याचा हात थरथरत होता म्हणून यादी ती लिहीत होती. आठवीतली असेल. शाळेत तिचं अक्षर सगळ्यांत चांगलं, असं कुणीतरी सांगितलं. मास्तराच्या सवयीनं मी मागे जाऊन अक्षर बघितलं. खरंच सुरेख होतं. लोक येऊन नावं सांगत होते, ती लिहीत होती. मधे कुणी आलेलं नसतानाही तिनं लागोपाठ दोन नावं लिहिली, त्याच वळणात, न थांबता. ती तिच्या वडिलांची आणि धाकट्या भावाची होती. तिची आई पाय चिरडून तंबूच्या दवाखान्यात पडली होती आणि यादी संपली की ही तिथे जाऊन डॉक्टरांना पट्ट्या कापून द्यायची. तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला म्हटलं होतं, तू डॉक्टर हो. साहेबांनी ते ऐकलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

पुढची दोन वर्षं त्या मायलेकी पत्र्याच्या शेडात राहिल्या. साहेब त्या बाजूला गेले की शेडापाशी जीप थांबवायचे आणि पुस्तकं दिली का, वीज आहे का, विचारायचे. ती पत्र्याच्या शाळेतून दहावीला पहिली आली.

इकडे लातूरला वेगळंच वारं सुटलं होतं. डॉक्टर व्हायचं तर लातूरला या, असं सगळ्या महाराष्ट्रात झालं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. ज्यांच्या भिंतींना भूकंपाच्या चिरा होत्या त्यांनी त्या बुजवायच्या आधी गच्चीवर मुलांसाठी खोल्या बांधायला काढल्या. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना भेटल्या की तब्येत नंतर विचारायच्या, आधी मार्क. एका नामवंत कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला म्हणजे मुलगा अर्धा डॉक्टर झाला, अशी सगळ्यांची खात्री. यादी मार्कांवर लागायची. पण मोजक्या जागा संस्थेच्या हातात असायच्या आणि त्यातली एक, वसतिगृहाच्या खोलीसकट, संस्थेचे अध्यक्ष साहेबांच्या शब्दावर देत. साहेब वर्षाला एकच पत्र द्यायचे. “दोन दिली की दोन्ही रद्दीत जातात,” असं त्यांचं म्हणणं. त्या एका पत्रासाठी ओसरीवर काय काय माणसं यायची, ते मी बघितलं आहे.

“ह्या वर्षीचं पत्र तिचं,” दहावीच्या निकालादिवशीच साहेब म्हणाले. पत्र्याच्या शाळेतले मार्क लातूरच्या यादीला पुरणारे नव्हते, हे त्यांना माहीत होतं. पावसाळी अधिवेशनाला निघताना त्यांनी नेहमीसारखा सह्यांचा गठ्ठा मला दिला आणि पायरीवरून परत वळून म्हणाले, “गुरुजी, त्या पोरीचं तेवढं पहिलं.”

त्याच वर्षी माझा मुलगा दहावी झाला होता.

यादी लागली त्या दिवशी मी शाळेतून परस्पर कॉलेजवर गेलो. फलकापुढे तोबा गर्दी. मुलगा तीन मार्कांनी हुकला होता. घरी आलो तर तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता, भर दुपारी. बायको काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर भांडून मोकळा झालो असतो. जेवताना फक्त एवढंच म्हणाली, “सगळ्या जिल्ह्याची पत्रं लिहिता तुम्ही.”

मुलीचं पत्र मी तोवर लिहिलं नव्हतं. का, ते मला विचारू नका. यादी लागू दे, मग लिहू, असं मी स्वतःला सांगत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून मी सहीचा एक कागद घेतला. ‘भूकंपात सर्वस्व गमावलेल्या’ हे शब्द मनात तयार होते. ते मी लिहिले नाहीत. ‘माझ्या निकटच्या परिचयातील गुणवंत विद्यार्थी’ असं लिहिलं आणि पुढे माझ्या मुलाचं नाव. माझा हात थरथरला नाही, हे मला अजून आठवतं. पत्र टपालानं पाठवायचा धीर झाला नाही, म्हणून सायकलवरून मीच नेऊन दिलं. चार दिवसांनी दुसऱ्या यादीत नाव आलं. मुलाला वाटलं, कुणीतरी सीट सोडली. त्याला अजूनही तसंच वाटतं.

मुलीचं काहीतरी बघता येईल, असं मी धरून चाललो होतो. साहेब आले की त्यांना सांगू, ते अध्यक्षांना भेटतील, एकाच्या दोन जागा होतील. असं काही होणार नाही, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

अधिवेशन संपवून साहेब आले त्या सकाळी ती, तिची लंगडणारी आई आणि मामा ओसरीवर बसलेले होते. मामाच्या हातात पत्र्याची ट्रंक होती. वसतिगृहात राहायला जायचं म्हणून ते सामानच घेऊन आले होते आणि कॉलेजवाल्यांनी त्यांना परत पाठवलं होतं. साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, “पत्राची नक्कल आणा, गुरुजी.”

प्रत्येक पत्राची नक्कल फाइलला लावायची, हा नियम मीच घातला होता. त्या पत्राचीही लावली होती. कशासाठी लावली, देव जाणे. सवयीनं लावली असेल, नाहीतर पकडला जावा असंच आतून वाटत असेल. साहेबांनी नक्कल वाचली. त्यांना वाचायला वेळ लागायचा, त्या दिवशी जास्तच लागला. मग फाइल मिटून त्यांनी मला दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चहा आणा ह्यांच्यासाठी.”

मी चहा घेऊन आलो तर ते तिघांना आतल्या खोलीत घेऊन गेले होते आणि दार लावलेलं होतं. मी कप दाराबाहेर स्टुलावर ठेवून उभा राहिलो. आत काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं दार उघडलं. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. मुलगी जाताना क्षणभर माझ्यापाशी थांबली, बघितलं आणि गेली. मी मान खाली घातली. चहा कुणी प्यायला नाही.

आता साहेब मला हाकलतील, म्हणून मी चष्मा, पेन, डबा पिशवीत भरला. साहेब बाहेर आले. त्यांनी लेटरपॅड ओढलं आणि एकामागून एक कोऱ्या कागदांवर सह्या करायला लागले. दहा कागद झाले. गठ्ठा माझ्यापुढे सारला. “उद्या मी गावाकडं चाललो. भरा तुमच्या मनानं,” म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. पुढची निवडणूक ते हरले. हरण्याची कारणं दहा असतात, पण त्या नव्या पुनर्वसित गावांत त्यांच्या जीपवर चिखल फेकला गेला, तेव्हा मी जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसलो होतो. मुलगा डॉक्टर झाला. नांदेडला त्यानं दवाखाना काढला तेव्हा फीत कापायला साहेबच आले. भाषण दोन मिनिटांचं. “ह्याच्या बापानं माझ्यासाठी लई लिव्हलं,” म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसून घामानं भिजलो. टोमणा होता की खरंच आभार होते, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. माणूस टोमणे मारणारा नव्हता, हीच अडचण आहे.

त्या मुलीबद्दल मी कधी चौकशी केली नाही. केली नाही म्हणजे टाळली. साहेबांनी त्या दिवशी खोलीत तिला खरं काय ते सांगितलं असणार, आमच्या गुरुजींनी तुझी जागा खाल्ली असं, यात मला शंकाच नव्हती. म्हणजे या जगात एक माणूस मला पुरतं ओळखतो, आणि तो कधी ना कधी बाजारात, लग्नात, बसमध्ये समोर येईल, या भीतीनं मी जगत आलो.

गेल्या वर्षी साहेब गेले. स्मृतिग्रंथ ठरला. साहेबांच्या लेकीनं त्यांची डायरी माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या पानांवर त्यांनी भेटायच्या माणसांची नावं लिहून ठेवली होती. जो भेटला त्याच्यापुढे बरोबरची खूण. फक्त त्या मुलीच्या नावापुढे खूण नव्हती. नावाखाली जळकोट तालुक्यातल्या एका गावाचं आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळेचं नाव होतं. लेकीनं मला सांगितलं, “काका, यांचा लेख तेवढा तुम्हीच आणा. बाबा शेवटी शेवटी यांचं नाव फार काढायचे.”

मी महिनाभर ढकललं. मग एसटीनं जळकोटला आणि तिथून रिक्षानं गेलो. काय काय ऐकून घ्यावं लागेल त्याची मनाशी तयारी करत होतो. शाळेच्या ऑफिसात ती खुर्चीवर होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून ती उभी राहिली आणि तिनं वाकून नमस्कार केला.

“गुरुजी ना तुम्ही? आमदारांच्या ओसरीवरचे?”

बसायला खुर्ची, चहा, बिस्किटं. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. कॉलेज कुठे झालं, डी.एड. कसं झालं ते ती सांगत राहिली. विज्ञान शिकवते. तिच्या शाळेतल्या दोन मुली लातूरला क्लासला गेल्या आणि मेडिकलला लागल्या, त्यांचा फोटो भिंतीवर होता. मला काही कळेना. मग मी स्मृतिग्रंथाचं सांगितलं आणि तिचा चेहरा बंद झाला.

“त्यांच्यावर मी न्हाई लिहिणार. तुम्ही आलात म्हणून बोलते, दुसरं कुणी असतं तर मी एवढंही बोलले नसते.”

“त्या दिवशी खोलीत साहेब काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, पत्रावर तुझं नाव होतं, ते मीच काढलं. माझ्या एका माणसाच्या पोरासाठी काढावं लागलं. कोण माणूस, आईनं लई विचारलं. न्हाई सांगितलं. म्हणाले, दुसऱ्याला दोष देऊ नका, सही माझी हाय.” तिनं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. “नंतर त्यांनी दोनदा पुस्तकं पाठवली, एकदा नोकरीसाठी पत्र पाठवलं. आईनं सगळं परत केलं. खरं सांगू गुरुजी, त्या घरात त्या दिवशी एकच माणूस मला माणूस वाटला. तुम्ही दारात मान खाली घालून उभे होता. मला वाटलं, ह्यांना तरी वाईट वाटलं. ते माझ्या लई दिवस कामी आलं.”

मी कप खाली ठेवला. पळून जावंसं वाटलं. या बाईनं तीसेक वर्षं माझी आठवण चांगली म्हणून जपली होती आणि मी गप्प बसलो असतो तर ती मरेपर्यंत तशीच राहिली असती. हा विचार माझ्या मनात आला आणि तो मला आवडला, हेही कबूल करतो. मग मी सांगितलं. सहीचा कोरा कागद, मुलाचं नाव, सायकल, नक्कल, सगळं. साहेबांना ते नक्कल वाचेपर्यंत काहीच माहीत नव्हतं, तेही सांगितलं. इतकी वर्षं पत्रं लिहिली, पण त्या दिवशी मला एक वाक्य धड जुळवता आलं नाही.

ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीतून मैदानाकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, “मुलगा डॉक्टर झाला?”

“हो. नांदेडला.”

तिनं मान हलवली. रागावेल असं वाटलं होतं, ती रागावली नाही.

“दोन वर्षांमागं ते आले होते इथं,” ती म्हणाली. “काठी घेऊन. एकटेच. शिपायानं येऊन सांगितलं, आमदार आलेत. मी निरोप दिला, वर्ग चालू आहे. शनिवार होता, पोरं केव्हाच घरी गेली होती. मी रिकाम्या वर्गात बसून राहिले आणि ते तिथं बाहेर झाडाखाली, उन्हात, तासभर. मग गेले.”

मी खिडकीतून त्या झाडाकडे बघितलं.

“मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं न्हाई, गुरुजी,” ती म्हणाली आणि माझ्यासमोर रडायला लागली.